नेशाची शांत खोली

नेशाच्या गाण्यांना आमच्या निश शहराबाहेर कुणी विचारत नव्हतं, आणि निशमध्ये फार कुणी विचारत होतं असंही नाही. दिवसा तो बसडेपोत गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा आणि घरी आला की आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, कॉम्प्युटरवर संगीत रचत बसायचा. काचेवर टिचकी, पत्र्यावर थाप, जुना अकॉर्डियन, असले आवाज माइकवर घ्यायचे आणि त्यांना ओढून-ताणून सूर बनवायचे. पन्नाशीला टेकला तरी लग्न नाही, व्यसन नाही, पैसाही नाही. होती ती एक खोली, आणि तिचा खरा स्टुडिओ करून दाखवायचं वेड.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि तिथे त्याची आई, देसांका. बाईचा आवाज असा खणखणीत की तिने मुलाला कॉफीला हाक मारली की खालच्या मजल्यावरचेही वर यायचे. नेशा जीव तोडून एखादा नाजूक आवाज टिपत असायचा आणि नेमकी मधेच तिची हाक यायची. हिवाळ्याच्या बेगमीसाठी मिरच्या भाजायच्या दिवसांत तर विचारूच नका. झाकणं, सुऱ्या, शेजारणी आणि देसांकाचं हसणं, सगळं त्या माइकमध्ये. तो चिडला की तीही ऐकून घेणारी नव्हती. म्हणायची, "अरे, हे गाणं आहे की वॉशिंग मशीन बिघडलंय, तेवढं सांग. बिघडलं असेल तर माणूस बोलावते."

मग हा पठ्ठ्या इरेला पेटला. खिशात दमडी नाही, पण अंगात चिकाटी दांडगी. बंद पडलेल्या एका खानावळीचे स्पीकर स्वस्तात उचलले. शेजारच्या इमारतीला थंडीसाठी बाहेरून अस्तर लावलं होतं, त्यातली उरलेली, आवाजही शोषणारी खनिज लोकर कंत्राटदाराच्या मागे लागून मागून आणली. भिंतींना लावायला जुन्या पलंगाच्या चौकटी केल्या, त्यात ती लोकर भरली आणि वरच्या खोळी शिवायचं काम दिलं आईकडे. तिने आपले चांगले पडदे फाडून, चष्मा लावून, एकेक खोळ शिवून दिली. आपलाच आवाज अडवायला आपण हे शिवतोय, हे तिला ठाऊक होतं. तरी शिलाई सरळ आली का म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

शेवटी दाराला आतून दुसरं दार बसलं. वायरिंगचा माणूस तो, त्याने स्वयंपाकघरात एक बटण लावलं आणि खोलीत लाल दिवा.

"आई, आता हाका मारायच्या नाहीत. काही लागलं की हे दाब."

"आणि काही लागलं नाही, नुसतं तुला बोलवावंसं वाटलं तर?"

"तरी तेच दाब."

तिने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्या घरात नेशाच्या नावाची हाक बंद झाली. शिवाय शेजारणींना ती ते बटण कौतुकाने दाखवायची. मला नेशाचा तेव्हाही राग आला होता, पण आई खूश, मुलगा खूश, आपण कोण बोलणार?

नवा माइक आला तशी त्याला जुनी रेकॉर्डिंग गचाळ वाटू लागली. सुट्टीच्या दिवशी बसून त्याने एकेक साफ केलं. हाक दिसली की पुसली, झाकण वाजलं की पुसलं. डिस्कवर जागा नव्हती आणि नव्या डिस्कचे पैसे माइकमध्ये गेले होते, म्हणून साफ केलेलं ठेवलं आणि मूळ टाकून दिलं.

हिवाळ्यात देसांका बाजारात कोबी निवडताना कोसळली ती उठली नाही. थोरली मुलगी बिल्याना ऑस्ट्रियात वृद्धाश्रमात कामाला. ती आली, माती देऊन परत गेली. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी तिने फोन केला. आईचा आवाज ऐकायचाय म्हणाली. मोबाइल पुढे धरला की आई तोंडावर हात घेऊन गप्प बसायची, त्यामुळे आपल्याकडे काहीच नाही. "तुझ्याकडे तर चांगला माइक होता रे."

नेशा म्हणाला, भरपूर आहे, तू ये. आणि शोधायला बसला. इथे ती कॉफी उतू जातेय म्हणून ओरडली होती, इथे तिच्या हातून झाकण पडलं होतं, सगळ्या जागा त्याला पाठ होत्या. पण काम त्याने इतकं बेमालूम केलं होतं की तिथे कधी कुणी होतं हे त्याचं त्यालाच ऐकू येईना. आठवडाभर तो डेपोतून आला की तेच करत होता. कुठे अर्धी हाक नाही, साधा खोकलाही नाही.

चाळिसाव्या दिवशी स्मशानात रिवाजाप्रमाणे उकडलेला गहू वाटून झाल्यावर बिल्याना घरी आली आणि कोटही न काढता त्याच्या खुर्चीत बसली. त्याने तिला हेडफोन दिले आणि त्यातल्या त्यात जुनं एक गाणं लावलं. तिने डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे. पण यात आई कुठेय?"

"होती, ताई," नेशा म्हणाला. "मीच काढली."

बिल्यानाने हेडफोन उतरवले आणि वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.