माहेरची नावं

कॅनडात, ब्रॅम्पटनला मुलाकडे आलो तेव्हा बायकोचं डोकं जागेवर होतं. पुढे काही विंटर गेले आणि ती विसरत चालली. मला 'अहो' म्हणायची, तेही गेलं. दिवसभर खिडकीपाशी बसून एकाच बाईला नाव घेऊन हाका मारायची. त्या नावाची आमच्यात कुणी नाही. "कोण गं ती?" विचारलं की परक्यासारखी बघायची. मी म्हटलं, एवढं तरी कळायला हवं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. मीही ताटातल्या तांदळात अंगठीनं हिचं नवं नाव लिहिलं होतं. हिच्या बहिणी, आत्या, मला सासरच्या नावानंच ठाऊक. हाक त्यांतल्याच कुणाच्या माहेरच्या नावाची असेल, पण तिकडची मोठी माणसं सगळी गेली, भाचरांना पत्ता नाही.

पण मुलानं पुण्यात कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर वंशावळ केली होती. बायकांना दोन नावं, म्हणून रकानेही दोन. नावं सगळी हिनंच सांगितलेली.

"तूच टाइप केलंस ना? मग आठवत कसं नाही?"

"बाबा, टाइप करत होतो. ऐकत कुठे होतो?"

"मग ते उघड."

तो म्हणाला, तो प्रोग्रॅम जुन्या लँग्वेजमधला, त्याच्या फाइली नव्या प्रोग्रॅमला कळत नाहीत, म्हणून मागेच कन्व्हर्ट केल्या. त्यानं दाखवलं. प्रत्येक बाईपुढे एकच नाव. सासरचं.

"माहेरची कुठायत?"

"नव्यात एका माणसाला एकच नाव बसतं. उरलेली डुप्लिकेट म्हणून काढली."

"तुझी आई डुप्लिकेट होय रे? जुनी फाइल आण."

पुण्याहून आणलेला जुना कॉम्प्युटर बेसमेंट साफ करताना कचऱ्यात गेलेला. मी चौथी शिकलेला, पण त्या दिवशी इंजिनियर मुलाला नको नको ते बोललो आणि पुढे अबोला धरला. तो मोडला त्यानंच.

"बाबा, तिनं हाक मारली की तुम्हीच ओ द्या ना. शी वोन्ट नो."

"खोटी ओ मी देत नसतो."

दिली नाही. हाका मारून तिचा घसा बसला, तरी ओठ हलायचे. बर्फ वितळायच्या आत गेली.

दिवस झाल्यावर मुलगा वंशावळीत तिची तारीख भरायला बसला. मी म्हटलं, "ते हाकेचं नावही घाल."

"नातं काय टाकू?"

"मला काय माहीत?"

"नात्याशिवाय घेत नाही, बाबा."

त्यानं बरीच खटपट केली, नाव काही बसेना. मग लॅपटॉप मिटला आणि वर निघून गेला.