पांढऱ्या सदाफुलीवरचा पहारा

संशय घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. बीडच्या आमच्या अंगणात दिवसभर ऊन तापतं. तिथं मोगरा जळाला, गुलाब वाळला. मग शेजारच्या मावशींनी नेकनूरच्या माहेराहून पांढऱ्या सदाफुलीचं रोप आणून दिलं. पाणी घाला, विसरा, ती आपली फुललेलीच. दोन वर्षांत कुंपणाच्या कडेनं ताटवा झाला. रोज सकाळी पाच फुलं बुद्धांच्या तसबिरीपुढे ठेवायची, हा माझा नेम.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या वेळेवर पोटात जातात की नाही, याचा मला घोर लागला. त्यातच सकाळी झाडावर फुलं दिसेनाशी झाली.

माझा संशय थेट मावशींवर. रोप दिलं म्हणजे फुलंही आपलीच, असं वाटत असेल! तांदूळ निवडायच्या निमित्तानं मी खिडकीत बसू लागले. एकदा त्या कुंपणाशी दिसल्या आणि मी टोमणा मारलाच, "मावशी, देवाला फुलं कमी पडत्यात का?"

"कावून गं? मी तुझ्या फुलाला हात लावीन व्हय?" म्हणाल्या, आणि यायच्याच बंद झाल्या.

मग धुणं धुताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात सदाफुलीची सुकलेली फुलं सापडली, पालाही. साठीत कुणाला फुलं नेऊन देतात की काय, हे आधी मनात आलं. तशीच कपाट उचकायला गेले. बनियनखाली गोळ्यांची तीन भरलेली पाकिटं निघाली.

पाकिटं पुढे धरली तशी ते खाली बसले. "फिरायला जाताना फुलं न् पाला चावून खातो. साखर उतरती म्हणत्यात."

"अन् गोळ्या?"

"दादाला गोळ्या सुरू झाल्या, अन् सालभरात पाय कापला. मला लई भ्या वाटतं गं."

इतक्या वर्षांत भीती वाटते असं ते पहिल्यांदा बोलले. पण त्यांच्या दादांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, गोळ्या गुपचूप गटारीत टाकल्या होत्या, म्हणून पाय गेला. जाऊबाईंनी शपथ घालून मला ते सांगितलं होतं, आणि मी ह्यांच्यापासून लपवलं होतं. शपथ मोडून तेव्हाच सांगून टाकलं. त्यांनी एका पाकिटातून गोळी काढली. मग म्हणाले, "पाणी आण."

मावशींची माफी मागितली. त्या हसल्या, पण कुंपणाजवळ अजून थांबत नाहीत. तसबिरीपुढे रोज पाच फुलं असतात. गोळी गिळली की हे स्वतःहून तोंड उघडून दाखवतात. तरी मी जीभ उचलायला लावते.