हवामानकाकांचे पाहुणे

कुणाचं व्यक्तिचित्र लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि शाळेतल्या निबंधापलीकडे मराठीत मी काही लिहिलेलं नाही. पण हवामानकाकांबद्दल आपल्या मंडळींत जे बोललं जातं ते फारच अर्धवट आहे. ज्यांना लिहिता येतं ते लिहीपर्यंत थांबावं असं मला वाटेना. चुकलं तर सांभाळून घ्या.

काका वादळांना त्यांच्या सरकारी नावांनी कधीच ओळखत नसत. टीव्हीवर नवं वादळ दिसलं की ते थोडा वेळ त्याची चाल बघत आणि मग त्याचं नातं ठरवत. येतो येतो म्हणून गाजावाजा करणारं आणि ऐन वेळी उत्तरेला वळणारं वादळ म्हणजे साडू. सावकाश येऊन मुक्काम ठोकणारं, घरभर ओल करून जाणारं म्हणजे आत्याबाई. आणि जे आलं की हात जोडून उभं राहायचं, नेईल ते नेऊ द्यायचं आणि वर काही कमी तर पडलं नाही ना असं विचारायचं, ते व्याही. तिथल्या मराठी मंडळातल्या कुणी घाबरून फोन केला की काका एवढंच सांगत, "साडू आहेत. खिडक्या लावा आणि झोपा."

हे सगळं प्वेर्तो रिकोमधलं. बेट अमेरिकेचंच, पण अमेरिकेतल्या मराठी माणसाला ते पटत नाही. मी तिथे एम.एस. करतोय म्हटल्यावर डॅलसच्या एका काकूंनी मला विचारलं होतं, की मग अमेरिकेला कधी येणार. काका नागपूरचे. औषधांच्या कारखान्यात बदली होऊन बेटावर आले, तिथेच निवृत्त झाले. काकू गेल्यावर एकटे राहत होते. मंडळानं माझी सोय त्यांच्याकडे लावून दिली. मंडळ म्हणजे चार-पाच घरं आणि त्याहून जास्त पदाधिकारी.

त्यांचा मुलगा निखिलदादा फ्रिस्कोत असतो. समुद्रात आफ्रिकेच्या बाजूला ढग जमले, की टेक्ससमध्ये त्याचा रक्तदाब वाढायचा. तो रडारचा फोटो पाठवायचा आणि लगेच फोन करायचा. "बाबा, धिस इज सीरियस. इव्हॅक्युएट करा."

"कुठे करू?" काका शांतपणे विचारत. "बेट आहे रे. इकडून निघालो की तिकडून समुद्र."

काकांचा खरा उत्साह वादळ गेल्यावर दिसायचा. वीज गेलेली असायची, ती कधी येईल हे वीज कंपनीलाही ठाऊक नसायचं. मग गल्लीतला प्रत्येक जण आपला फ्रीझर रिकामा करून काकांच्या अंगणात यायचा, कारण मोठी गॅसची शेगडी त्यांच्याकडे होती. शेजारच्या दोन्या कार्मेन, म्हणजे आपल्याकडच्या कार्मेनबाई, डुकराचं मटण आणायच्या, काका पुरणपोळ्या आणि खवलेलं खोबरं काढायचे. विरघळेल ते शिजवायचं आणि शिजेल ते सगळ्यांनी खायचं, असा तिथला रिवाज. काका जन्माचे शाकाहारी. पण त्या अंगणात त्यांच्या ताटात काय आहे हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपत्तीत शास्त्राला रजा असते."

एका बाबतीत मात्र ते शास्त्राला रजा देत नसत. आपले गणपती नेमके वादळांच्या मोसमात येतात. अमेरिकेतली बाकीची मंडळं विसर्जन सोयीच्या रविवारी करतात. काका म्हणायचे, "तिथी म्हणजे तिथी. वादळ वीकेंड बघून येतं का?"

त्या वर्षी विसर्जनाच्या तिथीलाच वादळाचा इशारा आला. समुद्रकिनारा पोलिसांनी बंद केला. मूर्ती मंडळातल्या देशमुख काकूंनी तिथल्याच लाल मातीची केलेली, चांगली ऐसपैस, बादलीत मावेना. सगळे विचारात पडले. तेवढ्यात कुणीतरी हात धुवायला गेलं आणि आनंदानं बाहेर आलं. काकांचा बाथटब काठोकाठ भरलेला होता.

तो मीच भरला होता, काकांच्या सांगण्यावरून. वादळाआधी टब भरून ठेवायचा, कारण नळ बंद पडले तर तेवढंच पाणी हाताशी असतं. बेटावर हे लहान पोरालाही कळतं. पण आरती सुरू झाली की आपल्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. हजर असलेल्यांत पाणी शुद्धीकरणात पीएच.डी. केलेले एक काका होते, ते मन लावून टाळ वाजवत होते. बाप्पा टबात गेले, सगळ्यांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, आणि टबात लाल चिखल झाला.

नळ दुसऱ्या दिवशी गेले.

आता त्या पाण्यानं कमोड फ्लश करायचा का, असा प्रश्न उभा राहिला. दोन्या कार्मेनना प्रश्नच समजेना. पाणी आहे, कमोड आहे, अडचण काय? देशमुख काका पडलेल्या फांद्या ओलांडत मत द्यायला आले. ते म्हणाले, विसर्जनानंतर देवत्व उरत नाही. देशमुख काकू म्हणाल्या, मग आपल्या घरी करा.  शेवटी हवामानकाकांनी ते पाणी बादलीबादलीनं आंब्याच्या झाडाला घातलं, आणि आम्ही दोन्या कार्मेनच्या पिंपातून पाणी आणलं.

निखिलदादाला हे कळू द्यायचं नाही, असं एकमतानं ठरलं. मंडळाच्या इतिहासातलं ते एकमेव एकमत. पण नेटवर्क परत आल्याबरोबर देशमुख काकूंनी टबातल्या बाप्पांचा फोटो निखिलदादाही असलेल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली फुलं आणि हात जोडलेले. टेक्ससहून फोन आला नाही. निखिलदादा स्वतःच आला. वडिलांना आता एकट्यानं झेपत नाही, याचा त्याच्याकडे फोटो होता. चिडला नाही, आवाजही चढवला नाही. घर विकायला काढलं आणि काकांना घेऊन गेला. काका विमानतळावर मला एवढंच म्हणाले, "आंब्याला पाणी घाल. साधं."

मग माझं शिक्षण संपलं, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी लागली. काका फ्रिस्कोहून फोन करत. घर छान आहे, सून प्रेमळ आहे, नातवंडं इंग्रजीतून लाड करतात. वादळं तिथेही होतात, गाराही पडतात. "पण इथे वीज गेली ना," ते म्हणाले, "की प्रत्येक जण गॅरेजचं दार हातानं खाली ओढतो आणि आत बसतो. वादळात मरायची मला हौस नाही रे. वादळानंतर कुणीतरी हाक मारावी, एवढंच वाटतं."

पुढच्या मोसमात ते एजंटला किल्ल्या देऊन येतो म्हणून बेटावर गेले. मागून मोठं वादळ येत होतं. लोक मिळेल त्या विमानानं बाहेर पडत होते आणि काका जवळजवळ रिकाम्या विमानातून आत गेले. त्यानंतर फोन बंद. निखिलदादा मला रोज विचारायचा, काही कळलं का. मी म्हणायचो, नाही. मंडळाच्या ग्रुपवर सगळे एकमेकांना स्तोत्रं पाठवत होते. मला ऑफिसात काही सुचत नव्हतं.

शेवटी दोन्या कार्मेनच्या भाच्याचा मेसेज आला. सिग्नल मिळावा म्हणून तो डोंगरावर चढून गेला होता. मेसेज स्पॅनिशमध्ये होता. निखिलदादाला ती येत नाही, म्हणून मीच त्याला फोनवर मराठीत सांगितला:

"सेन्योर सुखरूप आहेत. मागच्या खोलीचे पत्रे गेले. आंब्याचं झाड दारात आडवं पडलंय. ते विचारतात, घर बघायला येणारे लोक नक्की कधी येणार? त्यांना खिडकीतून यावं लागेल, आणि जेवण सगळ्यांबरोबर अंगणातच आहे."

 मग निखिलदादा म्हणाला, परत सांग. मी परत सांगितलं.

"एजंटला मी कळवतो," तो म्हणाला. "घर विकायचं नाही."