मारुतीची मूठ

मल्हारगंजात मारुती शेलारचं दुकान विचारलं की लोक उलट विचारत, "झूलेवाले?" त्याचे पणजोबा होळकरांच्या तोफखान्यात होते, याच्या वाट्याला आले लहान मुलांचे लोखंडी झोपाळे. माणूस सज्जन, पण जिभेला हाड नाही. अंगणातला झोपाळा सरकारनं खेळण्यांच्या कायद्यात घातला, आयएसआयच्या छापाशिवाय विकायला बंदी आली, तेव्हापासून तर तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "कंपनीवाल्यांचा कावा आहे सगळा! माझ्या झूल्यावर दोन म्हशी बसवून बघा."

शेवटी धंदा टिकवायचा तर छाप हवाच. म्हणून कागदपत्रं करून देणारा संजीव दुकानात आला. पिशवीतून त्यानं एक लाकडी ठोकळा काढला आणि झोपाळ्याच्या पाठीच्या दोन गजांमधून ढकलला. ठोकळा अडला नाही. सरळ पलीकडे पडला.

"काका, हा बच्च्याच्या धडाएवढा आहे. धड निघून जाईल अन् मुंडकं अटकेल. गॅप किती ठेवता तुम्ही?"

"एक मूठ. बाबांचं माप आहे."

बाबांच्या हातचा एक झोपाळा मागच्या खोलीत होता. मारुतीच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, तो ठोकळा उचलून तिथं लावून पाहिला. आत जाईना. बाबा काडीसारखे होते. चाळीस वर्षं घण मारून मारुतीची मूठ चांगली रुंद झाली होती, आणि मुठीबरोबर गजांमधली फटही. घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि येणार तरी कसं?

दुकानातले तयार झोपाळे मारुतीनं त्याच दिवशी कापले.

"नवे बरोबर बनवा ना," संजीव म्हणाला, "विकून टाकलेल्यांचं कोण पूछतंय?"

कुणीच विचारत नव्हतं, आणि तेच मारुतीला खाऊ लागलं. किती विकले? कुठे कुठे? घास तोंडाशी नेला तरी त्याला गजांत लटकलेलं पोर दिसायचं.

जास्तीचे गज आणि नट आवळायचे पाने घेऊन तो आधी अन्नपूर्णा भागात, चार महिन्यांपूर्वी झोपाळा नेलेल्या अनुश्रीच्या घरी गेला. तिची ईशा तीन वर्षांची. फाटकातून पाहिलं तर झोपाळ्यावर उलटी गुडघे टेकून, गजांना धरून बसलेली.

"ताई, पाठीला गज वाढवावे लागतील. नव्या कायद्यात बसत नाही हा."

फाटकाशी आलेली अनुश्री हसली. "काका, तुम्हीच तर बोलले होते, कायदा म्हणजे कंपनीवाल्यांचा कावा! आता घाबरून राहिले का?"

"तेव्हा मला अक्कल नव्हती. चूक माझ्या हातची आहे. पोरीचं डोकं अडकेल हो!"

"चार महिने खेळून राहिली, काही झालं नाही. अन् खुद होऊन चूक सांगायला कोण येतं आजकाल? म्हणून तर तुमच्यावर भरोसा आहे. थांबा, चहा ठेवते." ती आत गेलीसुद्धा.

मारुतीला रडावंसं वाटलं. खोटं बोलला तेव्हा तिनं मानलं, आणि खरं सांगितलं तर तिचा विश्वास आणखी वाढला. ईशानं एक पाय गजांतून बाहेर काढला होता. मग दुसराही.

त्यानं फाटक ढकललं, पोरीला काखेत धरून उचललं आणि खाली ठेवलं. मग स्वतःच झोपाळ्यावर बसला. ईशानं भोकाड पसरलं. अनुश्री धावत बाहेर आली, "काका, अहो उठा ना!" म्हणाली. पण त्रेसष्ट वर्षांचा मारुती दोन्ही साखळ्या घट्ट धरून बसून राहिला आणि काही केल्या उठेना.