झाली तर येऊ नका

“सापडलो का?”

दुकानात पाऊल टाकलं की काकांचा हा पहिला प्रश्न. हातातलं कुकरचं झाकण काउंटरवर उलटं ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि हनुवटीनेच माझ्या फोनकडे खूण करायचे. मी ‘कुकर दुरुस्ती कर्वेनगर’ टाकून सर्च करायचो आणि बोटाने खाली खाली जात राहायचो. काका तिसऱ्या पानावर.

“अजून बरेच खाली आहात,” मी म्हणायचो.

“असेना. आहोत ना?” म्हणून ते परत झाकण हातात घ्यायचे.

छोट्या दुकानांच्या वेबसाइट करायच्या आणि सर्चमध्ये त्यांना वर आणायचं, हा माझा धंदा. काकांचं दुकान पूर्वी रस्त्यावर होतं. इमारत पाडून नवी झाली आणि त्यांना मिळाला पार्किंगच्या मागचा गाळा. जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं, दुकान उठलं. तुमच्याही घराजवळ असा एखादा माणूस असेल, ज्याला तुम्ही असंच गृहीत धरून सोडून दिलं असेल.

“दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर गाळ्याची किल्ली देऊन टाकतो,” ते म्हणाले होते.

“मग घरी बसून काय करणार?”

“तीच तर पंचाईत. आमच्या घरचा कुकर बिघडत नाही हो.”

मी त्यांना सांगितलं, लोक काय विचारतात ते लिहा, त्याची उत्तरं लिहा, साइट वर येईल. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर सगळं लिहून आणलं. वर मी आपलं ‘पुण्यातील सर्वोत्तम’ असं टाकलं.

“हे कोणी ठरवलं?”

“सगळेच लिहितात, काका.”

“मग आपण कशाला लिहायचं? खोडा.”

खोडलं. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं: ‘शिट्टी होत नसेल तर झाकणाची रिंग काढून पाच मिनिटं गार पाण्यात ठेवावी व परत बसवावी. नाही झाली तर या. झाली तर येऊ नका.’

“शेवटचं वाक्य काढू या. आपल्याला गिऱ्हाईक आणायचंय,” मी म्हणालो.

“शिट्टी झाल्यावर कशाला येईल तो? माझं तोंड बघायला?”

गंमत बघा, तेच पान चढलं. गणपतीपर्यंत सगळ्यांच्या वर. पार नागपूर, लातूरहून फोन यायला लागले. काका कानाला फोन लावून उभे. “झाली? ऐकली मी. आता गॅस बारीक करा.” फोन ठेवून माझ्याकडे असे बघायचे, जणू त्यांनीच एखादी शर्यत जिंकलीय. आणि समोरचं बाकडं रिकामं. दिवाळी महिन्यावर आली होती.

मग मी त्यांना न विचारता ते पान बदललं. गार पाणी काढलं, ‘येऊ नका’ काढलं आणि लिहिलं: ‘शिट्टी होत नाही? धोका पत्करू नका. आजच कुकर घेऊन या.’

लोक आले. बाकड्यावर जागा पुरेना. “चाललं की हो तुमचं यंत्र!” म्हणत काकांनी मला दुसरा चहा पाजला. मी प्यायलो. किल्ली द्यायची भाषा बंद झाली.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात विश्रांतवाडीहून एक आजी आल्या. दोन बस बदलून, पिशवीत पाच लिटरचा कुकर घेऊन. गुडघे धरत बाकड्यावर बसल्या. “धोका आहे म्हणून लिहिलंय ना तुम्ही, चार दिवस हातच नाही लावला. डाळ पातेल्यात शिजवतेय.”

काकांनी रिंग काढली, पाण्यात टाकली, पुसून बसवली, कुकर शेगडीवर ठेवला. शिट्टी झाली.

“एवढंच होतं?” आजी म्हणाल्या.

“एवढंच. तसं लिहिलंय की मी. दाखवा बघू.”

त्यांनी आजींच्या फोनवर ते पान वाचलं. परत वाचलं. मी शेजारीच उभा होतो. आजींना चहा दिला, पैसे घेतले नाहीत, पिशवी उचलून त्यांना रिक्षात बसवून आले.

“होतं तसं परत लिहा,” मला म्हणाले.

तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. लाज वाटली, फार वाटली.

त्यानंतर गर्दी ओसरली, पण ज्यांचे कुकर खरोखर बिघडले होते ते येत राहिले आणि दुकान चाललं. फक्त काकांनी मला परत कधी “सापडलो का?” विचारलं नाही. मीच आपणहून फोन पुढे करायचो. “काका, पहिले आहात.”

“असू दे.”

उन्हाळ्यात ते गेले. दोन दिवस दवाखान्यात होते, एवढंच. मला फोन आला तेव्हा मी एका पडदेवाल्याकडे बसलो होतो. त्याचं काम पुरं केलं, घरी आलो, जेवलो. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. कुठेतरी बधिर झालंय खरं.

तेराव्यानंतर काकूंनी त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. “सारखा वाजतो. मला नाही उचलवत.”

“साइट बंद करू का?”

“का? लोकांचे कुकर बिघडायचे थांबलेत?”

गाळ्यात आता कुरियरवाला बसतो. सर्चमध्ये पान अजून पहिलंच आहे. फोन येतात, मी घेतो. रिंग काढा, गार पाण्यात ठेवा, बसवा. लोक फोन चालूच ठेवतात, मीही ठेवतो. बहुतेकांची शिट्टी होते. “गॅस बारीक करा,” मी म्हणतो.

परवा एका बाईंची झाली नाही. दोनदा करून बघितलं.

“नाही हो होत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय, नाही झाली तर या. येऊ ना?”

फोन कानाला लावून मी तसाच उभा राहिलो. पलीकडे त्यांच्या कुकरची नुसती वाफ जात होती.