चोरून हवा खाणारी गाडी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला असेल, असं मला वाटत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते इंजिनिअर होते आणि नाशिकरोडच्या एका कॉलनीत बैठ्या बंगलीत राहायचे. दूध आलं की त्याचा थेंब नखावर ठेवून बघायचे, आणि थेंब मनासारखा थांबला नाही तर दुसऱ्या बोटाच्या नखावर बघायचे. रेडिओवर वेळ सांगितली की मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकून म्हणायचे, "रेडिओ पुढे आहे." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मामी श्रीखंडाचा आग्रह करत होत्या आणि मामा मला हळूच विचारत होते की मी ज्या बँकेत नोकरी करतो ती बँक नक्की चालू आहे ना. यात कुणाचा द्वेष नव्हता. लोक सुपारी चघळतात तसा ते संशय चघळत.

या स्वभावाचं खरं तेज दिसायचं ते त्यांच्या गाडीच्या बाबतीत. गोल बोनेटची, राखाडी रंगाची, आधीच दोन मालकांच्या हाताखालून गेलेली ती गाडी होती. पेट्रोलच्या टाकीला त्यांनी स्वतः बनवलेलं कुलूप होतं. पेट्रोल भरायला ते एकाच पंपावर सलग दोनदा जात नसत, कारण आपली सवय कुणाला कळू नये. गॅरेजमध्ये गाडी द्यायची वेळ आली तर मेकॅनिकच्या शेजारी स्टुलावर बसून राहत, आणि घरी आल्यावर त्याने आवळलेला प्रत्येक नट पुन्हा आवळत. गाडीची किल्ली मामींनाही हात लावायला मिळत नसे. माझी तर गोष्टच सोडा, मला ते गाडीचं दारही नीट लावू देत नसत.

म्हणूनच, त्या हिवाळ्यात मामांनी शेजारच्या सरांना गाडी दिली हे ऐकल्यावर आम्ही सगळे चाट पडलो. सर शाळेत गणित शिकवायचे. रोज संध्याकाळी मामांच्या ओट्यावर दोघांचा चहा व्हायचा आणि मामा ज्या ज्या गोष्टीवर संशय घेत त्या त्या गोष्टीला सर शांतपणे "शक्य आहे" म्हणायचे. सरांची आई नांदगावला अंगणात पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. तिला नाशिकला दवाखान्यात आणायचं होतं. मामांची ड्यूटी होती, सरांना गाडी चालवता येत होती. मामांनी किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि एक शब्दही सूचना दिली नाही. मामी म्हणाल्या, मला वाटलं यांना ताप आलाय.

म्हातारी सुखरूप आली. पण गाडी परत देताना सरांनी सरळपणे सांगितलं की रस्त्यावर ठीक चालते, पण थांबली की थरथरते. मामांनी इंजिन चालू करून बघितलं. न्यूट्रलमध्ये उभी असताना गाडी थंडी भरलेल्या माणसासारखी कापत होती. बोनेट हलत होतं, आरसा हलत होता, मधूनच इंजिन बंद पडत होतं. ॲक्सिलरेटर दिला की सगळं सुरळीत. मामांचा चेहरा त्या क्षणी बदलला, असं मामी सांगायच्या.

पहिला संशय पेट्रोलवर. सरांनी वाटेत कुठेतरी रॉकेल मिसळलेलं पेट्रोल भरलं असणार. मामांनी टाकी रिकामी केली, थोडं पेट्रोल बशीत घेऊन पेटवलं, ज्योतीचा रंग बघितला. पेट्रोल निर्दोष सुटलं. मग प्लग काढले, ओळीने वर्तमानपत्रावर मांडले आणि एकेकाची काजळी तपासली. मग ठिणगीचे पॉइंट साफ केले. मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जागेवरच उघडून त्याची भोकं फुंकून बघितली. शेवटी त्यांनी सरांच्या गाडी चालवण्यावर बोट ठेवलं. घाटात चुकीच्या गियरमध्ये ओढली असणार, असं ते सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मामींना म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सर चहाला आले नाहीत. मामाही बोलवायला गेले नाहीत. ओट्यावर ते एकटे बसत आणि चहाच्या कपाकडेही संशयाने बघत.

असे कितीतरी दिवस गेले. एका रविवारी मी गेलो तेव्हा मामा बोनेट उघडून वाकले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण जाऊही दिलं नाही. इंजिन कापत चालू होतं. त्यांनी कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात धरून हवा थोडी अडवली. गाडी एकदम शांत झाली. हात काढला, पुन्हा थरथर. मामा ताठ उभे राहिले.

"ही चोरून हवा खातेय," ते म्हणाले. "तोंडातून नाही. कुठूनतरी मागच्या दाराने."

मग त्यांनी तेलाची कुपी आणली आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी, जिथे तो इंजिनला बसवलेला असतो, तिथे सांध्यावर थेंब थेंब सोडायला लागले. एका कोपऱ्यावर तेल पडताच ते आत ओढलं गेलं आणि इंजिनचा सूर बदलला. मामांचा चेहरा उजळला, पण तो उजेड फार टिकला नाही. त्यांनी कार्ब्युरेटर काढला. सांध्यातलं पॅकिंग फाटलं होतं आणि त्याखालची धातूची सुटी पट्टी नटांपाशी वाकली होती. कुणीतरी मोठ्या पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळल्याशिवाय ती अशी वाकत नाही.

मामांनी पट्टीच्या वाकलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळी रस्त्यात काही सैल होऊ नये म्हणून मीच सगळं आवळलं होतं.

एवढं बोलून ते तसेच, तेलकट हातांनी, शेजारी गेले. मीही मागून गेलो, कारण मला राहवेना. सर दारात आले. मामांनी वाकलेली पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "हे माझं काम आहे, सर. तुमचा काही संबंध नव्हता."

सरांनी पट्टी बघितली. "ठीक आहे," ते म्हणाले. "मला नाही सांगितलंत तरी चाललं असतं. पण आई रोज विचारते, माझ्यापायी त्यांची गाडी बिघडली का. तेवढं तिला सांगा."

मामा आत गेले. दवाखान्यातून घरी आलेली म्हातारी पलंगावर उशांना टेकून बसली होती. मामा खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला गाडीचं सगळं समजावलं, हवा, सांधा, पॅकिंग, सगळं. तिने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "मंग बरं झालं बाबा. मला वाटलं, मी लय कण्हत होते, त्यानं काही झालं."

सरांना हसू आवरलं नाही. मामांना मात्र हसता आलं नाही. त्या दुपारी त्यांनी टेबलावरची काच जमिनीवर ठेवून तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि ती पट्टी घासून घासून सपाट केली आणि नवं पॅकिंग घालून बसवली. दुसऱ्या दिवशी गाडी उभी असताना इतकी शांत चालत होती की मामांनी ती बंद पडली की काय म्हणून दोनदा बघितलं. त्या संध्याकाळी सर चहाला आले.

म्हातारी काठी टेकून चालायला लागल्यावर शहरात राहीना. तिला नांदगावला पोचवायला मामांनी रजा घेतली आणि मला सोबत घेतलं. सर पुढे बसले, ती मागे माझ्याशेजारी. पोचल्यावर तिने मामांच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

सर आईजवळ राहिले, आम्ही दोघे परत निघालो. चांदवडच्या घाटाच्या अलीकडे मामांनी गाडी कडेला घेतली. उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. मी विचारलं, काही आवाज येतोय का. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. समोर डोंगरावरचं ऊन उतरत चाललं होतं आणि गाडी जागच्या जागी, अगदी एका सुरात चालत होती.

"माझी आई आजारी पडली तेव्हा," मामा म्हणाले, "आमच्या गावात कुणाकडे गाडी नव्हती."

मग त्यांनी गियर टाकला.