बर्फातली खपली

माझ्या साडूंच्या मते जगात आजवर जेवढी भांडणं झाली, जेवढ्या सोयरिकी मोडल्या आणि जेवढ्या भाकरी करपल्या, त्या सगळ्यांचं कारण एकच आहे: माणसं छप्पन अंशांवर थांबायला तयार नसतात. एक तर गार पडतात, नाहीतर एकदम उकळतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जनावरांचे रोग तपासणाऱ्या बिदरच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी काढली, आणि छप्पन अंश हे तिथल्या एका गरम ठोकळ्याचं तापमान. ठोकळ्याला भोकं, भोकांत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, आणि नळ्यांत कुठल्यातरी म्हशीचं रक्त नाहीतर शेळीच्या कातड्याचा तुकडा. मी हुमनाबादच्या शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग गप्प बसवण्यापुरता, आणि तेही जमतंच असं नाही. तेव्हा पुढच्या मजकुरात काही चुकलं तर ते माझं, आणि काही बरोबर निघालं तर साडूंनी ते मला निदान वीस वेळा सांगितलेलं आहे म्हणून.

त्या नळीत ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, टाकत. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात अनेकदा ओलांडून गेलो होतो. विकाराचाच कुणी धाकटा भाऊ असावा, अशी माझी समजूत होती. त्याचं खरं नाव प्रोटिनेज के. पण साडूंनी आयुष्यात कधी त्याचा एकेरी उल्लेख केला नाही. ते त्याला 'केअण्णा' म्हणत. "बघा पाव्हणं," ते मला सांगत, "जिवाची सारी कुंडली एका धाग्यावर लिवलेली हाय. डीएनए म्हना, आरएनए म्हना, धागाच. पण त्यो मोकळा गावंल व्हय? भोवती सगळी प्रथिनांची गुंडाळी. ती गुंडाळी केअण्णा खातेत. आन् धाग्याला दातसुदीक लावत न्हाईत. वर आनखी, धागा कुरतडनारे उंदीर असतेत नळीत, तेबी प्रथिनाचेच, त्येस्नीबी खाऊन टाकतेत. सांगा, हाय का असा एक मानूस तुमच्या शाळेत?" नव्हता. आमच्या शाळेत गुंडाळी शाबूत ठेवून नेमका धागा खाणारेच जास्त होते, आणि त्यांत मुख्याध्यापकांच्या मते मी पहिला.

घरून फोन गेला की साडू दबक्या आवाजात म्हणत, "आता बोलू नका, केअण्णा कामाला बसलेत." हे वर्षानुवर्षं ऐकून निर्णा गावी राहणाऱ्या आमच्या सासूबाईंची पक्की खात्री झाली होती की केअण्णा हे कुणी कानडी मुलखातले बडे साहेब आहेत, फार कडक आहेत, आणि थोरल्या जावयाची बढती त्यांच्याच हातात आहे. नातीच्या, म्हणजे साडूंच्या मुलीच्या, लग्नात त्यांनी हळदकुंकू लावून एक पत्रिका बाजूला काढली आणि माझ्याकडून तीवर वळणदार अक्षरात लिहून घेतलं: 'श्री. केअण्णा, सहकुटुंब.' मीही लिहून दिलं. तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं. साडूंनी ती पत्रिका जराही न हसता नेली आणि प्रयोगशाळेत केअण्णा ज्या फ्रीझरमध्ये राहत त्याच्या दारावर चिकटवली. "मामीनी बोलावनं दिलंय," ते म्हणाले (सासूबाईंना ते मामी म्हणत), "पोचवाया नगं?"

त्याच लग्नानंतरच्या मटणाच्या जेवणात हे वधूपिते व्याह्यांना सोडून चुलाणापाशी उभे राहिलेले सापडले. बिदरहून आणलेल्या बावर्चीने मटणाला कच्च्या पपईचा गर चोळून ठेवला होता, आणि साडू घड्याळात बघत त्याची उलटतपासणी घेत होते. किती वेळ झाला? पपई किती? परात सावलीत आहे की उन्हात? शेवटी बावर्ची वैतागला. "साब, पपई लगाको दो घंटे हुए. छेडो नक्को. घाई करे तो चिवट रहता, भूल गए तो लगदा होता." साडूंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "पस्तीस वरसं मी जे करायलोय, ते ह्यो बाबा बिनपगारी करायलाय." पपईतही मांस पचवणारं विकर असतं, केअण्णांचा तो लांबचा चुलतभाऊ, हे मला तेव्हा कळलं. व्याही मात्र मांडवात हार घेऊन ताटकळले होते.

घरातही तोच कारभार. अंघोळीच्या पाण्यात तापमापी. विरजणाला तापमापी. फळ चिरायचं तर हातमोजे, कारण बोटांवर धागा खाणारे उंदीर असतात. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, कधी कडाडली की ते पाटावर बसून नुसते तिच्याकडे बघत राहत. "ह्येंच्यासंगं धड भांडताबी येत न्हाई," अक्का म्हणायची. "मी बोलून बोलून दमले की म्हनतेत, झालं का पचून?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं ते लंपीची साथ येईपर्यंत. सासूबाईंकडे सोनी नावाची देवणी गाय होती. सासरे गेल्यापासून त्या माणसांशी बोलत त्याच्या दुप्पट सोनीशी बोलत, आणि आम्हा जावयांचे सगळे दोष तिला पाठ असावेत, कारण मला बघितलं की ती तोंड फिरवायची. त्या वर्षी सोनीच्या अंगावर गाठी उठल्या. शेजारी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, लंपीच हाय, गाय गावाबाहेर मळ्यात न्या, आमची जनावरं ह्याच बोळातनं जातेत. सासूबाई म्हणाल्या, गांधीलमाशी चावली असंल, गाय हलणार न्हाई. तपासणीत काय निघतं त्यावर ठरवायचं, एवढ्यावर कसंबसं भागलं. साडूंनी निर्ण्याला फोन लावला. गाठीवरची खपली डॉक्टरांकडून काढून घ्या आणि पाव्हण्याकडं बर्फात घालून द्या, एवढाच निरोप होता. फोन खरखरत होता. सासूबाईंना ऐकू आलं ते एवढंच: खपली, पाव्हणा, बर्फ.

आता आमच्या भागात खपली म्हटलं की आधी गहू आठवतो. तांबूस, लांबट, टरफलाला असा घट्ट धरून बसलेला की कांडल्याशिवाय सुटत नाही; हुग्गी करावी, म्हणजे गव्हाची खीर, तर त्याचीच. सासूबाईंनी विचार केला. गाईचा निकाल केअण्णांच्या हातात. केअण्णा कानडी माणूस, हुग्गी आवडतच असणार. बर्फात कशाला हे काही उमगलं नाही, पण साहेब लोकांचं काय सांगावं! त्यांनी चांगली दोन शेर खपली निवडली, पिशवीत बांधली, बर्फासकट मोठ्या थर्मासच्या डब्यात भरली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी तो डबा एसटीतून बिदरला नेला. शेजारी बसायला आलेल्याला म्हणालो, "जरा जपून, ह्यात जनावराचा रोग हाय." त्यानंतर माझ्या मागचे, पुढचे आणि शेजारचे बाक बिदरपर्यंत रिकामे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी विज्ञानाच्या उपयोगी पडत होतो, आणि ते माझ्या बसण्यातही उतरलं असावं. प्रयोगशाळेत साडूंनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं लावलं, चिमट्याने पिशवी उघडली. आत ओले गहू. त्यांनी चिमट्याने एक दाणा उचलून उजेडात धरला. मग शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ही गाय पेरलीती कवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच निर्ण्याला गेलो, जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सोनीच्या गाठीवरची खपली काढली आणि छोट्या बाटलीत बंद केली. सोनीने तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही. दुपारच्या आत बाटली बिदरला पोचली. साडूंनी ते चिवट चामडं बारीक केलं, नळीत घातलं, केअण्णांचे थेंब सोडले, ठोकळ्यात नळी बसवली आणि स्टूल ओढून समोर बसले. तिसऱ्या प्रहरापर्यंत फोन थांबला नाही. माझी बायको, अक्का, चुलत मेव्हणे, सगळ्यांचं एकच मागणं: घरचाच माणूस आहे, 'न्हाई' लिहायला काय जातं? अक्का तर रडली. "आईला गायीबिगर कोन हाय? एका अक्षराचं काम, आन् ते होईना तुमच्याच्यानं?" साडू म्हणाले, "धागा मोकळा झाला न्हाई अजून." मी नळीत डोकावलो. खपलीचा तुकडा विरघळत चालला होता, मिठाच्या खड्यासारखा, आणि आवाज कसलाही नव्हता.

नळी स्वच्छ झाल्यावर त्यांनी ठोकळा एकदम पंचाण्णव अंशांवर नेला. मला वाटलं, एवढ्या वर्षांत शेवटी हाही माणूस उकळला. "कामून?" मी विचारलं. "छप्पनवर चाललंय की बरं."

"केअण्णांना निरोप," ते म्हणाले. "काम सरलं तरी ते खात ऱ्हातेत. फुडच्या मशीनमधी धाग्याची नक्कल काढनारी एक बाई हाय, तीबी प्रथिनाचीच. तिलाबी खातील. आपलं काम झालं की फुडच्याच्या मधी ऱ्हाऊ नये मानसानं. म्हनून चटका द्याचा."

निकाल आला तेव्हा त्यांनी कागद मला आधी दाखवला नाही. स्वतः फोन लावला. "मामी," ते म्हणाले, "लंपी हाय." पलीकडून सासूबाईंचा आवाज इतका स्पष्ट आला की त्या दिवशी खरखर कुठे गेली होती कोण जाणे. "तुमच्या केअण्णाला सांगा, ज्येच्या दावनीला गाय न्हाई त्यानं दुसऱ्याची सोडू नये. आन् तुमीबी हिकडं येऊ नगासा."

सोनी मळ्यात गेली. वासरू घरी राहिलं आणि चार दिवस हंबरत राहिलं. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाला जेमतेम दोन दिवस रजा घेतली होती, त्याने आता पंधरा दिवसांची रजा टाकली आणि सासूबाईंनी येऊ नका म्हटलं म्हणून घरी न जाता सरळ मळ्यात जाऊन खोपीत मुक्काम ठोकला. रोज कडुनिंबाच्या पाण्याने गाठी धुवायच्या, पाणी कोमट आहे की नाही ते तापमापीने बघायचं, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, माशा वारायच्या. मी एकदा भेटायला गेलो तर सोनीने त्यांच्या खांद्यावर मान टाकली होती. माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. दुपारी सासूबाई बांधावर भाकरीचं फडकं ठेवून जायच्या. साडू ती खात, फडकं धुऊन, घडी करून बांधावर दगडाखाली ठेवत.

खपल्या गळाल्या. सोनी वाचली आणि घरी आली. अंगावर डाग राहिले. शेजाऱ्यांनी मन मोकळं करून सांगितलं की गाय वेळेवर हलली ते बरं झालं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, पण थोरल्या जावयाशी त्या बोलल्या नाहीत. सणावारी साडू यायचे, वाकून नमस्कार करायचे, त्या पदर सावरून आत जायच्या. अशी तीन वर्षं गेली. अक्का मध्ये पडायला निघाली की साडू तिला अडवायचे. "पचू दे," म्हणायचे. पण तापमापी खिशातून काढायचे आणि उगाच पुसत बसायचे.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला निर्ण्याला बोलावून घेतलं आणि तोच थर्मासचा डबा मांडीवर ठेवला. "थोरल्या जावयाला द्या. वाटंत उघडू नगासा." आत बर्फ हलत होता. एसटीत शेजारच्याने विचारलं, काय आहे? मी म्हणालो, ठाऊक नाही. तो निवांत बसला.

साडू समारंभाहून परतले होते, गळ्यातला हार खुंटीला लावला होता. डबा बघून त्यांनी सवयीने हातमोजे शोधले. हातमोजे प्रयोगशाळेतच राहिले होते. झाकण काढलं. बर्फावर पिशवी, आणि पिशवीत खपली. पण यावेळी कांडलेली, एकेक दाणा टरफलातून सोडवलेला. गिरणीत असा निघत नाही, दाणा मोडतो. सत्तरी ओलांडलेल्या हातांनी उखळात किती दिवस घातले असतील, कुणास ठाऊक.

तेवढ्यात फोन वाजला. साडूंनी उचलला.

"गावली का खपली?" सासूबाईंनी विचारलं.

"गावली, मामी."

"त्या केअण्णालाबी द्या चमचाभर. मी लई वाईट बोलले त्येला."

"केअण्णांचं काम सरलं, मामी. आता त्येंच्या जागी दुसरे."

"मग तुमीच खावा," पलीकडून आवाज आला. "दोघांच्या वाटनीची."

फोन ठेवून ते डब्यापाशी बसले आणि बर्फाच्या पाण्यात उघडी बोटं बुडवून दाणे चाळत राहिले. खपली आज भिजत घातली तर हुग्गी उद्या, अक्का म्हणाली, आणि बर्फ ओतून देऊ का, असंही तिने विचारलं.

"ऱ्हाऊ दे," साडू म्हणाले. "जरा ऱ्हाऊ दे."